लेव्हल कमी

“शेवटच्या पाच-सहा नावांवर म्युझिक चढवा की. तिथवर कोण ऐकतंय?” बिराजदार सर म्हणाले.

सरांचे लातुरात फिजिक्सचे क्लासेस आहेत. निकाल लागून दोनच दिवस झाले होते आणि जाहिरात त्याच दिवशी ऑटोवर चढवायची होती. निकालानंतरच्या आठवड्यात लातुरात कुणाला धड झोप नसते. प्रत्येक क्लासचा ऑटो भोंगा लावून फिरतो आणि मेरिटमधल्या पोरांची नावं गल्लोगल्ली ऐकवतो. त्यातल्या निम्म्या भोंग्यांतून माझा आवाज येतो. विद्यापीठातून रेडिओचं शिक्षण घेतलं, त्याचं हे असं झालं.

सरांनी दिलेल्या कागदावर शेहेचाळीस नावं होती आणि त्यांना ती चाळीस सेकंदांत बसवून हवी होती.

“ज्याचं नाव आहे तो ऐकतोय, सर,” मी म्हणालो. “त्याची आई ऐकतेय.”

“अहो सलीमभाई, तुम्ही तर एकदम सिरियसच झालात.”

झालो खरा. त्याचं कारण आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी मूळचा उमरीचा. अब्बांची माईक सर्व्हिस होती. लग्नात अब्बा स्वतः माईकवर बसायचे आणि सत्काराच्या वेळी मानाच्या पाहुण्यांची नावं पुकारायचे. एकदा देगलूरहून आलेल्या नवरीच्या मामाचं नाव त्यांच्याकडून राहिलं. मामा न जेवताच एसटीत बसले. दोन्ही घरांत तीन वर्षं बोलणं नव्हतं. अब्बा मला म्हणायचे, “खाना कम पडा तो चलता, बेटा. नाम नक्को छूटना.”

एवढं घरातूनच शिकलेलं मी विद्यापीठात जाऊन विसरलो.

नांदेडचं विद्यापीठ तेव्हा नवंनवं होतं. आमच्या वर्गात मोजकी पोरं होती. बाकीच्यांना पेपरात जायचं होतं, रेडिओचा नाद मला एकट्यालाच. रेडिओतून निवृत्त झालेले जोशी सर आम्हाला प्रसारण शिकवायला यायचे. पहिल्या दिवशी मी “न्हाई सर” म्हणालो तर त्यांनी माझ्याकडून वीस वेळा “नाही” म्हणवून घेतलं. मी रोज आरशासमोर पेपर मोठ्यानं वाचू लागलो. वर्षभरात जीभ अशी वळली, की सर वर्गात म्हणाले, “उमरीचा मुलगा आहे हा, सांगून खरं वाटेल का?” ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं आणि तिथंच बसलं. माझ्या स्वतःच्या आवाजावर माझं प्रेम जडलं. सुट्टीत घरी गेलो की अब्बांच्या माईकवरच्या बोलण्याची मला लाज वाटायची. हे लिहिताना आता त्या लाजेची लाज वाटते.

शेवटच्या वर्षी प्रॅक्टिकलसाठी प्रत्येकानं साडेचौदा मिनिटांचा एक कार्यक्रम करायचा होता. सगळ्यांत चांगला असेल तो रेडिओवर लागणार होता. मी भूकंप घेतला. लातूरकडच्या गावांतली माणसं तेव्हा पत्र्याच्या शेडमधून नव्या घरांत जात होती. विभागाचा टेपरेकॉर्डर खांद्याला लावून मी औशाच्या पलीकडच्या एका गावात गेलो. तिथं महादेवीताई भेटल्या.

त्यांचं वय तिशीच्या आसपास असेल. त्या पहाटे त्यांना आणि त्यांच्या नवऱ्याला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं होतं. घरातली बाकीची सात माणसं गेली. दोघंही सोलापूरच्या दवाखान्यात असताना गावात मेलेल्यांची यादी झाली. घरातल्यांची नावं शेजाऱ्यानं सांगितली. त्याला सहा नावं माहीत होती. सातवी महादेवीताईंची दीड महिन्याची मुलगी होती. आठच दिवसांपूर्वी तिचं बारसं झालं होतं, तेही घरातल्या घरात. तिचं नाव शेजाऱ्याला ठाऊक नव्हतं. यादीत तिच्यापुढं नुसतं ‘मुलगी’ असं लिहिलं गेलं.

“तिचं नाव कुटंच लिवलेलं न्हाई, भाऊ,” महादेवीताई म्हणाल्या. “ना कागदावर, ना दगडावर. तुमी तेवडं रेडिओत येऊ द्या. चार माणसांच्या कानावर पडलं म्हंजी ती व्हती असं तरी हुईल.”

“हो ताई. नक्की येईल.”

मी असंच म्हणालो. ‘नक्की’ हा शब्दसुद्धा माझाच होता.

त्या सव्वा तास बोलल्या. शेवटी त्यांनी नावं घेतली. सासू नागम्मा. सासरे शिवलिंगप्पा. दीर मन्मथ. जाऊ सुमित्रा. थोरला मुलगा बसू. धाकटा वीरू. मग थांबल्या. मग सातवं नाव अगदी हळू घेतलं, बारशाला बाळाच्या कानात सांगतात तसं.

त्या क्षणी मी काय करत होतो? मी सुईकडे बघत होतो. टेपरेकॉर्डरवर एक सुई असते. आवाज किती जोरात टेपवर उतरतोय ते ती दाखवते, त्याला लेव्हल म्हणतात. नाव घेताना ती सुई जेमतेम हलली. मी मनात चरफडलो आणि वहीत नोंद केली, ‘शेवटचं नाव – लेव्हल कमी.’ नाव काय ते लिहिलं नाही. टेपवर आहेच की, म्हटलं.

नांदेडला येऊन जोडकाम केलं. तेव्हा मूळ टेपची प्रत काढून ती ब्लेडनं कापायची आणि चिकटपट्टीनं जोडायची असे. कार्यक्रम चाळीस सेकंद जास्त भरला. जोशी सरांनी घड्याळ दाखवलं.

“चाळीस सेकंद काढ. कुठून काढायचे ते तू ठरव.”

ठरवायला जागा दोनच होत्या. एक, ती नावं. दुसरी, शेवटचं माझं निवेदन, बरोबर बेचाळीस सेकंदांचं. त्यात काळाच्या कराल दाढा होत्या, राखेतून झेपावणारा पक्षी होता आणि माझा घोटून घोटून केलेला ‘ण’ होता. त्याला हात लावायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. चौथ्या नावानंतर मी खालून सारंगी आणली आणि महादेवीताईंचा आवाज हळूहळू उतरवत नेला. याला फेड-आऊट म्हणतात. पाचवं नाव पुसट आलं. सहावं ज्याला माहीत आहे त्यालाच कळावं, एवढंच उरलं. सातवं आणि त्याआधीचं त्यांचं थांबणं ब्लेडखाली गेलं, मागं नुसती सारंगी उरली. तसंही त्याची लेव्हल कमी होती, असं मी स्वतःला सांगितलं. मग माझा आवाज सुरू होत होता, चांगला खणखणीत.

मला पहिला नंबर मिळाला. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, “ती नावं विरत जातात ना, तिथं काटा येतो अंगावर.” मी मान खाली घालून हसलो. कार्यक्रम रेडिओवर लागायचा ठरला तेव्हा मी महादेवीताईंना वार आणि वेळ कळवणारं कार्ड टाकलं. त्यात बढाईसुद्धा मारली, ‘शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवा.’

प्रसारणानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी उत्तर आलं. महादेवीताईंनी ते गावातल्या मास्तरांकडून लिहून घेतलं होतं. ‘कार्यक्रम सर्वांनी बसून ऐकला. चांगला झाला. बाळाचे नाव मात्र ऐकू आले नाही. आमच्या रेडिओचे सेल उतरले असावेत. पुन्हा लावणार असल्यास कळवावे.’

ते कार्ड मी विभागाच्या पायऱ्यांवर उभं राहून वाचलं आणि घाईघाईनं खिशात घातलं. मूळ रेकॉर्डिंग तेव्हा शाबूत होतं. सरांना सांगितलं असतं तर ते रागावले असते आणि रागावून मदतही केली असती. नाव ऐकून निदान कागदावर तरी उतरवून ठेवता आलं असतं. मी काय केलं? उत्तर लिहिलं, ‘सेल उतरले असतील किंवा हवामानामुळे खरखर झाली असेल. पुन्हा लागला तर नक्की कळवीन.’ पुन्हा तोच ‘नक्की’. त्या दोन ओळींइतकं वाईट मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही.

परीक्षा झाली. विभागाकडे टेपा मोजक्याच होत्या, पुढच्या बॅचला द्यायच्या म्हणून सगळ्यांनी पुसून परत करायचा नियम होता. माझ्या टेपा मी स्वतःच्या हातानं पुसल्या. नाव त्यावरच होतं हे मला तेव्हा आठवत होतं. हेही सांगून टाकतो.

रेडिओत नोकरी लागली नाही. दोनदा मुलाखत दिली, दोनदा घरी आलो. तोवर लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. नांदेड, बीड, उस्मानाबादची पोरं ट्रंका घेऊन लातुरात उतरत होती आणि गल्लीगल्लीत मेस निघत होत्या. क्लासवाल्यांना घोटलेला ‘ण’ हवा होता. मी आवाज घुमू नये म्हणून एका खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकल्या आणि स्टुडिओ काढला. गाडी चालली.

एका वर्षी घाईत माझ्याकडून यादीतलं एक नाव वाचायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मुरुडकडचे एक गृहस्थ दारात उभे. हातात टोपी.

“पोरगी चौकात जाऊन थांबली व्हती, साहेब. दोन ऑटो गेले. नाव आलं न्हाई. भोंग्यात बिघाड हाय का जी?”

मी त्यांना खुर्ची दिली, माफी मागितली आणि त्यांच्यासमोरच नाव वाचून जाहिरात बदलून दिली. ते खूश होऊन गेले. मी मात्र त्या दिवशी पुढं काही रेकॉर्ड करू शकलो नाही. त्याच रविवारी मी एसटी धरली आणि औशाच्या पुढं गेलो.

महादेवीताई नव्या गावठाणात राहत होत्या. केस पिकले होते. मी नाव सांगितल्यावर त्यांनी लगेच ओळखलं. “रेडिओवालं भाऊ का? या की.” चहा केला. नंतर एक मुलगा झाला, तो लातुरात क्लासला आहे, म्हणाल्या. मी एकदाचं बोलून टाकलं, की सेल उतरले नव्हते. नाव मीच बुडवलं होतं.

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “सेल नवेच व्हते. कार्यक्रमासाटी म्हणून त्याच दिवशी आणले व्हते. मास्तरला म्या म्हनलं, असं लिवा. त्या रेडिओवाल्या पोराला लाजल्यागत व्हऊ न्हाई.”

मी बॅगेतून रेकॉर्डर काढला. “ताई, आता एकदा सांगता का? या वेळी मी…”

त्यांनी हातानंच थांबवलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“ऱ्हाऊ द्या, भाऊ. तुमच्यापाशी ते टिकत न्हाई. आता माज्यापाशीच बरं हाय.”

मी रेकॉर्डर परत बॅगेत ठेवला. त्यांनी मला फाट्यापर्यंत सोडलं आणि एसटी येईस्तोवर तिथं उभ्या राहिल्या.

ती वही अजून माझ्याकडे आहे. त्यात एवढंच आहे, ‘शेवटचं नाव – लेव्हल कमी.’

तर, बिराजदार सरांची शेहेचाळीस नावं मी शेहेचाळीस वाचली. शेवटचं पहिल्याइतक्याच जोरात. जाहिरात एक मिनिट अठरा सेकंदांची झाली. सर कुरकुरले, “ऑटो गंजगोलाईच्या अख्ख्या बाजाराला वेढा घालून येईल तरी नावं सपायची न्हाईत.” पुढच्या वर्षी ते दुसऱ्या स्टुडिओत गेले. जाऊ देत.

आवाजाची लेव्हल कमी असली तर ती वाढवायची असते. मशीनवर त्यासाठी एक बटण असतं. विद्यापीठात आम्हाला ते पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.