बायडाआक्काच्या हातचं तीर्थ

हळू बोलणं म्हणजे काय ते बायडाआक्काला ठाऊकच नव्हतं. गल्लीच्या या टोकाला तिनं म्हशीला हाक मारली की त्या टोकाला झोपलेलं माणूस उठून बसायचं. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर ती म्हैस घेऊन उभी राहायची. कोल्हापुरात दूध प्यायचं ते असं, म्हैस समोर, ग्लास खाली आणि धार थेट ग्लासात. फेस वर आला की बाई म्हणायची, "प्या पावणं, मिशी बुडवा." तालमीतली पोरं बाकीच्या म्हशी सोडून तिच्याकडं यायची. तिच्या हाताला धार चांगली, असं सगळे म्हणत.

समोरच्या घरात धोंडुबाई. दोघी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या, एकाच गावच्या लेकी. दोघींत भांडण रोजचं आणि कालवणाची वाटीही रोजची. धोंडुबाईची एकुलती एक पोर शालू अर्धा दिवस बायडाआक्काच्या गोठ्यातच असायची. मी त्यांच्या शेजारी भाड्यानं राहणारा प्राथमिक शाळेचा मास्तर. म्हणजे सगळं बघायला मोकळा आणि काही करायला नालायक.

एकोणसत्तर सालच्या आषाढातली गोष्ट. पंचगंगेला नवं पाणी आलं की आमच्याकडं ते घागरीत भरतात, पिपाणी-ढोलाचं पी ढबाक वाजवत टेंबलाईच्या टेकडीवर नेतात आणि देवीच्या पायऱ्यांवर ओततात. रोगराई वेशीबाहेर राहावी, एवढंच मागणं. आमच्या गल्लीची एक जादा रीत होती. तांब्याभर पाणी माघारी आणायचं आणि घरटी पळीभर तीर्थ द्यायचं. तो मान बायडाआक्काचा. त्या साली घागर शालूच्या डोक्यावर होती. नवं परकर-पोलकं, कपाळभर मळवट आणि घागर हिंदकळू नये म्हणून ताठ धरलेली मान. अजून डोळ्यांपुढं आहे.

यात्रा झाली आणि गल्लीत मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, शिरला. एका घरातून दुसऱ्या घरात, मग मागच्या गल्लीत. त्याआधी गटारीसाठी आमचा रस्ता उकरून ठेवला होता. कोपऱ्यावरच्या सरकारी नळाला तेव्हापासून गढूळ पाणी येत होतं, वासही मारत होता. बायकांनी ओरडून सांगितलं होतं. ऐकतो कोण?

ताप वाढल्यावर मात्र जीप आली. साथीच्या खात्याचा इन्स्पेक्टर, त्र्यंबकराव. इस्त्रीचा शर्ट, नाकाला रुमाल. त्यांनी घरोघर चौकशी केली, तेव्हा तीर्थाची गोष्ट निघाली.

"हे पाणी वाटलं कोणी?" त्यांनी विचारलं.

शहाणं माणूस गप्प बसलं असतं. पण आमच्या गल्लीत मानाचं काम कोण नाकारील? बायडाआक्का पदर खोचून पुढं झाली. "म्या वाटलं की! एक उंबरा सोडला न्हाय. इचारा कुणाला बी."

साहेबांनी मान डोलावली. तिला वाटलं, कौतुकच केलं.

दुसऱ्या दिवशी जीपवर कर्णा बांधून पुकारा सुरू झाला. नदीचं पाणी तीर्थ म्हणून वाटल्यामुळं ताप पसरला आहे. नळाचं पाणी शुद्ध आहे. लोकांनी बिनघोर प्यावं. जीप गल्लीत थांबून थांबून हेच सांगत होती. बायडाआक्का दारात उभी होती आणि सगळी गल्ली तिच्याकडं बघत होती.

मागच्या गल्लीत कुणी तीर्थ घेत नव्हतं, तरी तिथंही माणसं अंथरुणावर होती. हे सांगायला मी साथीच्या खात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या मोठ्या साहेबांनी मान वर न करताच सांगितलं, "मास्तर, तुम्ही शाळा सांभाळा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी आलो घरी. नोकरी होती.

शालू तोवर ठणठणीत होती. धोंडुबाईनं तीर्थ घेतलेली वाटीसुद्धा उकिरड्यावर फेकली, घरातली भांडी राखेनं घासली आणि तोवर विहिरीवरून आणायची ते सोडून नळाचं पाणी भरलं. सरकारनं सांगितलं म्हणून भरलं. पोरीला तेच पाजलं. पुढच्या पंधरवड्यात शालू तापली. तापात ती पाणी मागायची आणि आई देत राहायची. पोर गेली.

त्या दिवसापासून धोंडुबाई बायडाआक्काशी बोलली नाही. "माझ्या पोरीच्या तोंडात इख घातलंस," एवढं एकदाच म्हणाली, तेही प्रेतापाशी.

बायडाआक्का उत्तर द्यायच्या अवस्थेत नव्हती. तीही तापानं फणफणलेली. ती आडवी असतानाच एके सकाळी मजूर आले. त्यांनी रस्ता उकरला, नळाचा तुकडा बदलला, माती ओढली आणि निघून गेले. का बदलला, हे कुणी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. ताप ओसरला. साथ संपली, असं कर्ण्यावर जाहीर झालं.

बायडाआक्काची साथ काही संपली नाही. ती उठली ती बहिरी होऊनच. केस गेले, पायातलं बळ गेलं आणि हाताला कापरं भरलं ते राहिलंच. म्हशीखाली बसली की धार ग्लासाबाहेर. तशीही तिच्या हातचं दूध पिणार कोण? कट्ट्यावर तिच्यापुढं माणूस थांबेना. म्हैस विकली. ती नेताना आक्का गोठ्यात तोंड फिरवून बसली होती. पुढं शेणी थापून आणि कुणी दिलेल्या भाकरीवर तिचे दिवस गेले.

राजारामपुरीतल्या एका भल्या डॉक्टरनं तिला तपासलं. तापानंच हे झालंय आणि आता जन्मभर राहणार, असं त्यानं लिहून दिलं. ते घेऊन मी तिला मदत मागायला कचेरीत नेलं. एकदा नव्हे, अनेक वर्षं नेलं. खुर्चीतली माणसं बदलली, उत्तर तेच. "ताप गेला ना? साथ संपल्याचं जाहीर झालंय. मग ह्या आजारी कशा?" म्हणजे सरकारचा कर्णा बंद झाला की माणसानंही बरं व्हायचं! दरवेळी मी तिच्या कानाशी ओरडून सांगायचो, "जमत नाही म्हणतात." आणि ती सगळी कचेरी दणाणून सोडायची. "मला पैका नको, काय नको! ज्या गाडीतनं बोलला, त्याच गाडीतनं सांगा, बायडाच्या पान्यानं काय झालं न्हाय म्हनून. समोरच्या घराला ऐकू जाईल असं सांगा!"

एवढंच हवं होतं तिला. समोरच्या घराला ऐकू जाईल असं.

तेरा-चौदा वर्षांनी, ऊन कलताना एक म्हातारा गल्लीत विचारत विचारत आला. काठी, हातात धरलेली पिशवी, पिशवीत मोसंबी. त्र्यंबकराव. निवृत्त झाले होते. मी त्यांना ओळखलं आणि माझं डोकं फिरलं, पण आक्कापर्यंत नेलं. ती उंबऱ्यावर बसली होती. समोरच्या पायरीवर धोंडुबाई सुपात तांदूळ निवडत होती.

साहेब आक्काजवळ वाकले आणि पुटपुटले, "बाई, तुमच्या पाण्यानं नव्हतं झालं. गटारीतून गेलेला नळ फुटला होता. आम्हाला ठाऊक होतं. नळ बंद केला तर शहर अंगावर येईल, म्हणाले वरचे. मी सही केली."

मी जवळ होतो म्हणून ऐकलं. आक्कानं कानामागं हात धरला. "मोठ्यानं बोला सायेब. बहिरी हाय मी."

त्यांनी समोर पाहिलं. धोंडुबाईचा हात सुपात थांबला होता. आजूबाजूच्या दारांत माणसं जमू लागली होती. साहेब पुन्हा बोलले, पहिल्याइतकंच हळू.

"साहेब, मोठ्यानं," मी म्हणालो. "त्या दिवशी कर्णा होता की तुमच्याकडं."

"मास्तर, पेन्शन आहे. मुलगा त्याच खात्यात लागलाय. मन खात होतं, म्हणून आलो." मग त्यांनी मोसंबी उंबऱ्यावर ठेवली, हात जोडले आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "तब्येतीला जपा हं, बाई!"

म्हणजे आवाज होता. लाज वाटली मला त्या माणसाची. ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी बघत राहिलो.

"काय म्हनला रं?" आक्कानं विचारलं.

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो. तीर्थानं काही झालं नव्हतं! नळ फुटला होता, त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी नळाचंच पाणी प्या म्हणून सांगितलं!

तेवढा आवाज आक्कालाही पोचला. तिनं समोर पाहिलं.

धोंडुबाई उठून उभी राहिली होती. तांदूळ पायरीवर सांडले होते. "त्यो सायेब का न्हाय बोलला मग तसं?" ती मला म्हणाली. मग हळू म्हणाली, "नळाचंच पाजलं की मी तिला. मागंल तवा पाजलं." ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

हे शब्द आक्काला ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण धोंडुबाईचं तोंड तिला लहानपणापासून पाठ होतं. ती भिंतीला धरून उठली, रस्ता ओलांडून गेली आणि त्या दारावर कापऱ्या हातानं थापा मारायला लागली.

"धोंडे! तू न्हाय गं पाजलंस! नळ त्येंचा, पुकारा त्येंचा! तुझा काय बी दोस न्हाय, ऐकतीस का? दार उघड!"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. दार उघडलं नाही.

आक्का दमून त्याच पायरीवर बसली, सांडलेल्या तांदळात. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"आतनं काय बोलती का रं ती? मला न्हाय ऐकू येत."

मी दाराला कान लावला. आत धोंडुबाई रडत होती, ते मी तिला ओरडून कसं सांगणार?

"सांग की," आक्का म्हणाली. "मोठ्यानं सांग."