गाडीतला चाफा

आमच्या गाडीला सोनचाफ्याचा वास येतो. हे ऐकून कॉलेजातल्या मैत्रिणी "किती छान" म्हणतात.

वसईजवळ नंदाखालला आमची चाफ्याची वाडी आहे. पहाटे अंधारात तोडणी होते आणि फुलांच्या टोपल्या बाबांच्या व्हॅनमधून दादरच्या बाजारात जातात. टोपल्यांना जागा हवी, म्हणून गाडी घेतल्यावर लगेच बाबांनी मागची सीट काढून ओटीवर ठेवली. बारावीपासूनचा माझा सगळा अभ्यास त्या सीटवर झाला आहे. सीटबेल्टची गरज कधी पडली नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वाईला आत्याकडे आणि तिथून महाबळेश्वरला जायचं ठरवलं. तोडणी काका बघणार होते. आमची ही पहिलीच सहल. आईकडे आत्याने दिलेला एक मरून रंगाचा स्वेटर आहे. वसईत तो घालण्याचा प्रसंग येत नाही. दर वर्षी आई त्याला ऊन दाखवते आणि परत कपाटात ठेवते. यंदा तो तिने पिशवीत सगळ्यात वर ठेवला होता.

अडचण एकच होती. आईला आमच्या गाडीत मळमळतं. बसमध्ये नाही, रिक्षात नाही, आमच्याच गाडीत.

"तो वास मला सोसत नाही. तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "मी आहे घरी."

आईशिवाय सहल म्हणजे दोघांनी आत्याकडे जाऊन जेवून येणं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू केमिस्ट्री शिकतेस ना? मग वास काढ."

घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे माझ्या विषयात काय काय येतं हे घरी कुणाला नक्की ठाऊक नाही. गाडीतून चाफा कसा काढावा यावर आम्हाला धडा नव्हता. पण तसं सांगण्याचा मला धीर झाला नाही. मी "बघते" म्हणाले.

आधी आम्ही गाडी माणिकपूरच्या गॅरेजात नेली. ब्रेक, टायर, ऑईल सगळं ठीक निघालं. मग बाबांनी वासाचं विचारलं. गॅरेजवाल्याने आत डोकं घालून लांब श्वास घेतला.

"काका, लोग पैसा देके गाडी में खुशबू लटकाते हैं. आप निकालने को आए हो?"

"घरवाली को सहन होता नहीं," बाबा म्हणाले.

"घरवाली को बोलो नाक बंद करे."

हा उपाय आम्ही घरी सांगितला नाही.

मी गाडीत खायचा सोडा पसरला. दुसऱ्या दिवशी झाडला. मग इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणून पुढच्या सीटखाली ठेवला. कोळसा वास धरून ठेवतो, हे मात्र आम्हाला अभ्यासाला होतं. रोज संध्याकाळी काचा बंद करून आईला निर्मळच्या तळ्यापर्यंत फिरवून आणायचो. वासाला दहापैकी गुण दे, असं मी तिला सांगितलं होतं.

"किती?"

"दहा," आई पदराआडून म्हणाली.

"काल पण दहाच दिले होतेस."

"काल पण आला होता."

कोळशानंतरही दहाच आले. तळ्याजवळ बाबांनी गाडी थांबवली. आईने नाकावरचा पदर काढला. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे मी शाळेच्या मराठीत लिहिते आहे, त्यामुळे आई आहे त्याहून सौम्य वाटेल.

"बाय, उगाच कोळसा घालवू नकोस. वास काही वाईट नाही. पण तो आला की मला पहाट झाल्यासारखं वाटतं. पोट म्हणतं, ऊठ, तोडणीला चल. मी सहलीला निघायचं आणि पोट निघणार कामाला."

बाबांनी उगाचच वायपर चालू करून बघितला. तो चालत होता. यावर सोडा चालणार नाही, एवढं मलाही कळलं.

निघायच्या आदल्या दिवशी ओटीवरची सीट गाडीत बसवली. आईने आत्यासाठी सुकट आणि सुक्या बोंबलांची मोठी पिशवी भरून मागे ठेवली. घाटावर चांगली सुकट मिळत नाही. रात्रभर गाडी बंद होती.

सकाळी पिशवी आडवी ठेवू नका, हे सांगायला आईने दार उघडून आत डोकं घातलं. ती तशीच थांबली.

"चाफा कुठाय?"

"दबलाय," बाबा नाकावर रुमाल धरून म्हणाले.

आई मागे वळून घरात गेली. ती घरीच राहतेय, असं आम्ही धरून चाललो. मग ती स्वेटर घालून बाहेर आली, दाराला कुलूप लावलं आणि मागे पिशवीला टेकून बसली. अंगणात घाम फुटण्याइतकं ऊन होतं.

मी तिच्या शेजारी, माझ्या अभ्यासाच्या जागेवर. वसई फाटा मागे पडला तसं मला कसंतरी व्हायला लागलं. बाबांनी काच खाली केली.

"अहो, लावा ती. वास जाईल."

"तुला हा चालतो?"

"सुकट दुसऱ्या बाईने वाळवलीय," आई म्हणाली. "त्यात माझं काही काम नाही."

बाबांनी काच लावली. आईसाठी घेतलेल्या लिंबाच्या गोळ्या ठाण्यापर्यंत मीच संपवल्या.