परत फिरलेल्या रेघा

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र खात्यात तिला सगळे रेघाताई म्हणत. प्रखर लेसरच्या माऱ्यात सापडलेल्या अणूतला इलेक्ट्रॉन कुठे कुठे भरकटतो, त्याच्या वाटा ती संगणकावर काढायची. एकेक वाट म्हणजे पडद्यावरची एकेक रेघ. लग्न केलं नाही, भावंडं लांब. यंत्रांच्या गार खोलीत स्वेटर घालून बसायचं आणि रेघा न्याहाळायच्या, यात निम्मं आयुष्य गेलं. "ताई, आमच्या नशिबाचीही एक ओढा की!" असं शिपाई येता-जाता म्हणे आणि ती हसे.

हे काम तिला सरांनी, तिच्या मार्गदर्शकांनी, शिकवलं होतं. अणूपासून फार लांब गेलेले इलेक्ट्रॉनही वाटतात त्याहून कितीतरी जास्त संख्येने परत फिरतात, हा दोघांचा शोध. लेख छापायला गेला आणि सरांनी अंथरूण धरलं.

एके दुपारी, सहज पडताळा म्हणून, तिने संगणकात इलेक्ट्रॉनला फिरायला दिलेली जागा वाढवली. संगणकात जागेला अंत असतोच. कुठेतरी भिंत घालावी लागते आणि तिथे पोचलेली इलेक्ट्रॉनची लाट गिळून टाकणारा पट्टा ठेवावा लागतो. तिने भिंत मागे सरकवली, तशी रेघांची वळणंही मागे सरकली. पट्टा अपुरा होता. लाट भिंतीवर आपटून उलटत होती आणि रेघांना ओढून आणत होती. एवढ्या लांबून खरं तर कोणीच परत येत नव्हतं.

सरांच्या दारातच काकूंनी, त्यांच्या पत्नीने, तिला अडवलं. "काही वेडंवाकडं सांगू नकोस हं. त्या लेखाच्या जोरावर दिवस काढताहेत."

तिने मान हलवली. बोलायचं नाही, असं ठरवूनच ती आली होती.

सर उशीला टेकून बसले होते. हातांच्या नुसत्या काड्या झालेल्या. "या, रेघाताई! मागे ठेवण्यासारखं एवढं एकच जमलं बघ मला. चूक नाही ना राहिली कुठे?"

हा प्रश्न ते वीस वर्षं विचारत आले होते. तिने एकदाही खोटं उत्तर दिलं नव्हतं.

"राहिलीय, सर. भिंतीपाशी. पट्टा कमी पडला."

सरांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. "पट्टा मीच ठरवला होता," ते म्हणाले. मग, "आत्ताच सापडायची होती तुला?"

"सर, लेख मागे घेऊ?"

त्यांनी काकूंना हाक मारली. "अगं, मला जरा त्या कुशीवर वळव."

त्यांची पाठ तिच्याकडे झाली. आठवडाही गेला नाही, तोच सर गेले. ती भेटायला गेली, तेव्हा काकूंनी दार अर्धंच उघडलं. "समाधानाने गेले असते गं. तेवढंही बघवलं नाही तुला."

लेख मागे घेताना संपादकांनी विचारलं, पट्टा कोणी ठरवला होता? "मी," असं तिने कळवलं. पुढे तिचं कंत्राट वाढलं नाही. खोलीची किल्ली शिपायाच्या हातात देताना तिने खुंटीवरचा स्वेटर तेवढा काढला आणि बाहेर लख्ख ऊन असूनही अंगात घातला.