मराठी बोलायचं नाही

सात रस्ता चौकाजवळ माझं शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक अप्पा आहेत. माणसांपेक्षा मशीनशीच जास्त बोलतात. "चाल की गं बाई," म्हणत तेल सोडतात. घरी ते आणि लेक, दोघंच. ती स्पॅनिश पक्कं करायला सहा महिन्यांसाठी स्पेनला गेलीय. तिथं असेपर्यंत मराठी बोलायचं नाही, असं तिच्या शिक्षिकेनं सांगितलंय. तो नेम लेकीपेक्षा अप्पाच कडक पाळतात.

रोज दुपारी तिचा फोन येतो. ती भरभर स्पॅनिश बोलते. अप्पा फोन स्पीकरवर ठेवून, डोळे मिटून "व्हय, व्हय" म्हणत ऐकतात.

"काय कळतं हो?" मी एकदा विचारलं.

"बोलनं न्हाय कळत, ताई. पण दमलीया का खुशीत हाय, तेवढं कळतंय की."

परवा बोलता बोलता ती अडखळली. मग रडवेल्या आवाजात मराठीत म्हणाली, "अप्पा, जेवला का?"

अप्पांनी फोन कट केला. "नेम मोडंल तिचा," मला म्हणाले.

शेजारी त्यांचा डबा तसाच बंद होता. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलून मशीनचा एक स्क्रू पिळला. मग मशीनकडं बघत हळूच म्हणाले, "जेवलो की गं."