हिरवं येईपर्यंत

महामारीच्या पहिल्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावानं डॉक्टरकी सुरू केली. सारी हयात विमा कचेरीत गेलेली, निवृत्तीला जेमतेम वर्ष झालेलं, आणि चेन्नईच्या मुलानं पाठवलेला नवा फोन हातात. त्या फोनवर एक संकेतस्थळ होतं. ताप आहे का, खोकला आहे का, वास येतो का, असं ते विचारायचं आणि शेवटी हिरवा, पिवळा नाहीतर लाल गोल दाखवायचं. वर गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली एक बाई दात काढून हसत असायची. अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की हा वैद्यकीय सल्ला नव्हे. आजाऱ्याच्या तोंडावर हसायचं, त्याला निकाल सुनावायचा आणि वर हात झटकायचे. इतका बेशरम डॉक्टर आमच्या कुंभकोणमनं पाहिला नव्हता.

अण्णा त्याच्यावर लट्टू होता. सकाळची कॉफी झाली की तो ओट्यावर खुर्ची टाकायचा. गल्लीतली माणसं लांबूनच तमिळमध्ये आपली दुखणी ओरडून सांगायची, आणि हा कपाळाला आठ्या घालून बोटानं टिचक्या मारायचा. मरुदानल्लूरच्या एका म्हाताऱ्या भजनीबुवांना त्यानं फोनवरून लाल ठरवलं. बुवांना खोकला होता तो जन्मभर नाकात ओढलेल्या तपकिरीचा. पण लाल म्हणजे लाल. सुनांनी त्यांना मागच्या खोलीत कोंडलं आणि ताट दाराच्या फटीतून सरकवू लागल्या. पुढे तपासणीत काहीच निघालं नाही. अण्णा म्हणाला, "खबरदारी घेतलेली बरी." दिलगिरीचा एक शब्द नाही.

मी लग्न केलं नाही. पितळी समया आणि भांड्यांचं माझं दुकान आहे आणि अण्णाच्याच घराच्या मागच्या भागात मी राहतो. जेवण वहिनीच्या हातचं. त्यामुळे दुसऱ्या लाटेत जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

एका सकाळी घरभर करपल्याचा वास सुटला. स्वयंपाकघरात गेलो तर दूध आटून पातेल्याचं बूड काळं झालं होतं, आणि वहिनी शेल्फाला टेकून त्याच्या शेजारीच उभी होती.

"वहिनी, दूध करपलं!"

तिनं पातेल्याकडे पाहिलं. "होय की." मग हळूच म्हणाली, "मला वास नाही आला."

दोन वाक्यांच्या मध्ये तिनं श्वास घेतला तो मला ऐकू आला. मी गॅस बंद केला, तिला पाटावर बसवलं आणि अण्णाला हाक मारली. तो आला तो फोन घेऊनच.

"ताप?"

"काल रात्री अंग गरम होतं."

"वास?"

"नाही."

पुढचा प्रश्न तमिळमध्ये होता, श्वास कोंडतो का म्हणून. अण्णानं तो घरच्या मराठीत विचारला. "धाप लागते?"

"लागते. थोडी."

त्यानं बटण दाबलं आणि पडदा लाल झाला. त्याखाली लिहिलं होतं, ताबडतोब रुग्णालयात जा. अण्णाचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हा उठेल, चप्पल घालेल. तो उठला नाही. त्यानं सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली.

"हे काय करतोस?" मी विचारलं.

"यात 'थोडी' असा पर्यायच नाही. हो किंवा नाही, एवढंच. थोडी म्हणजे नाहीच धरायची."

पडदा पिवळा झाला. त्याला तोही चालेना. मग वासाच्या प्रश्नाशी अडला. "तुला सर्दी असेल. सर्दीनं वास जातोच." त्यानं तिथेही बोट फिरवलं, आणि शेवटी हिरवा गोल आला. घरीच विश्रांती घ्या, भरपूर पाणी प्या. अण्णानं फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. "बघ! हिरवं आलं."

मी आयुष्यात त्याला उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी म्हणालो, "अण्णा, तू लाच देतोयस त्या यंत्राला. आणि ते घेतंय."

तो संतापला. रुग्णालयात खाटा नाहीत, तिथे गेलेली माणसं परत येत नाहीत, असं बरंच ओरडला. भीती होती ती, मला कळत होतं. पण भ्यालेल्या माणसाची कीव यावी, तर हा त्या हसऱ्या बाईच्या पदराआड लपून बायकोचा श्वास खोटा ठरवत होता. मला त्याची कीव आली नाही.

मी वहिनीला विचारलं, "तुम्ही येता?"

तिनं मान डोलावली आणि भिंतीला धरून उभी राहिली.

दुकानाची छोटी मालवाहू गाडी दाराशीच होती. वहिनीला पुढे बसवलं. मागे आडुतुरैला पोचवायच्या समया होत्या, त्या उतरवायला थांबलो नाही. प्रत्येक खड्ड्याला त्या खणखणत होत्या, आणि त्या आवाजात मी तिचा श्वास ऐकायची धडपड करत होतो. पहिल्या रुग्णालयाच्या फाटकावरून आम्हाला परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरणीनं वहिनीच्या बोटाला चिमटा लावला, आकडा पाहिला आणि लगेच ऑक्सिजनसाठी माणूस पिटाळला. नंतर मला म्हणाली, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं."

वहिनी वाचली. खूप दिवसांनी घरी आली तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. अण्णानं तिची सेवा केली, हे नाकारत नाही. तांदळाची पातळ कांजी केली, पाय चेपले. पण त्याच आठवड्यात तो कुणाला तरी फोनवर सांगत होता, "आमच्याकडे वेळेवर कळलं म्हणून बरं. फोननं पहिल्या झटक्यात लाल दाखवलं होतं!"

वहिनी बाकावर पडून होती. तिनं डोळे उघडले.

"मग दुसऱ्यांदा का विचारलंत?"

आत नीट ऐकू येत नाही, असं फोनवर म्हणत तो ओट्यावर निघून गेला.

तो अजूनही लोकांची दुखणी तपासतो. आता मधुमेह, गुडघे, काहीही. नवं संकेतस्थळ आहे, तिथे बाईच्या जागी एक पुरुष हसतो. वहिनी तपासणीला माझ्याबरोबर गाडीतून येते. डॉक्टर काय म्हणाले, ते परतीच्या वाटेवर मला नीट सांगते. घरी आल्यावर अण्णा विचारतो, "काय म्हणाले?"

"बरं आहे म्हणाले," ती सांगते, आणि हातपाय धुवायला आत जाते.