टेबल खोटं, गुडघा माझा

आमच्या गावात लोखंडाचं काही मोडलं, कुदळ म्हणा की खाटेचा पाय म्हणा, एसटीत घालून कुरखेड्याला न्यावं लागायचं. म्हणून आमच्या बचत गटानं ठरवलं, वेल्डिंग आपणच शिकायचं. गटात सगळ्यात म्हातारी मी, अन् हात वर करणारी पहिलीही मीच.

शिकवायला सर आले ते आगीशिवायच. डोळ्यांवर बांधायचा भलामोठा चष्मा, अन् हातात वेल्डिंगचा रॉड धरायचा, पण बिनवायरचा होल्डर. चष्म्यात टेबल दिसतं, टेबलावर लोखंडी पट्टी, ठिणग्यासुद्धा उडतात. बाहेरच्याला मात्र बाई हवेत हात फिरवते एवढंच दिसतं. माझी धाकटी जाऊ दारातूनच म्हणाली, "काऊन जी बाई, माशा हाकलून राह्यल्या का?"

सरांचा नियम एकच होता. चष्म्यातली रेघ सरळ आल्याशिवाय खऱ्या आगीला हात लावायचा नाही. बाकी पोरी पास झाल्या. माझा हात थरथरे, रेघ वाकडी जाई, अन् चष्म्यातल्या पडद्यावर नुसतं लाल. शेवटच्या दिवशी मला वाटलं, कोपर टेबलावर टेकवून पाहावं. टेकवलं. पण टेबल होतं कुठं? मी आपली धाडकन खाली!

जाऊ हसत सुटली. मीही हसले. पण संध्याकाळी सर चष्मा अन् वेल्डिंगचं मशीन, दोन्ही घेऊन जाणार होते.

पडल्या जागेवरूनच म्हटलं, "सर, भाकर थापली ते बसून, भाजी चिरली ते बसून. हेच उभ्यानं काऊन?"

"अवो बाई, मी पण गॅरेजात उकिडवं बसूनच शिकलो," म्हणत सरांनी बटणं दाबली अन् चष्म्यातली पट्टी जमिनीवर उतरवून दिली.

मी उकिडवी बसले, कोपर गुडघ्यावर ठेवलं. तो तर खरा होता ना! हात ठरला. रेघ सरळ गेली, अन् पडदा हिरवागार.

दुपारी तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा चढवून खरा रॉड हातात धरला. धूर, वास, ठिणग्या, सगळं खरं. मी एका स्टुलाचा पाय जोडला. निवल्यावर हातोडीनं काळी खपली झाडली, तर खालून सलग, चकचकीत रेघ निघाली.

"टिकते का पाहू," म्हणत जाऊ स्टुलावर चढली. अंगानं चांगली भरलेली बाई, वर उभी राहून दोनदा दणकन नाचली. स्टूल जागचं हललं नाही.

"बाई, आता उतरवा ना मले!"

"थांब वं," मी म्हटलं, "गावाले पाहू दे आधी."