शुक्रवारची लिंबं

अक्का गेल्या त्याला महिना होऊन गेला. बातमी मला कोणी येऊन सांगावी असा प्रश्नच नव्हता, मी त्यांच्या उशाशीच होते. तापाचं निमित्त झालं, ताप डोक्यात गेला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. दुकानाचे लोक, सोयरे, शेजारी, सगळ्यांना आम्ही फोन केले. कोणी राहिलं नाही असं वाटलं होतं. तेरावं झाल्यावर एका शुक्रवारी दुपारी मात्र ती बातमी आमच्याच दारात उभं राहून मला सांगावी लागली… आणि तेव्हापासून मला या घराची, त्याहून जास्त माझी स्वतःची, लाज वाटते आहे.

त्या दिवशी मी रजेवर होते. बेल वाजली म्हणून दार उघडलं तर पन्नाशीच्या आतबाहेरची एक बाई उभी. हातात कापडी पिशवी, उन्हातून चालत आल्याने चेहरा लालबुंद. "सुमनक्का आहे का?" तिने विचारलं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. त्यांना नावाने ओळखणारं माणूस आमच्या घरी येत नसे, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच विचारलं, "आपण कोण?" ती म्हणाली, "मी तिची धाकटी बहीण हो. शहराबाहेर आनेकलला असते. मागचे दोन शुक्रवार ती देवळात आली नाही, आजपण नाही. राहुकाळ संपेपर्यंत थांबले. बरं नाही का तिला?"

अक्कांना बहीण आहे हे मला माहीत होतं. म्हणजे 'होती' एवढंच माहीत होतं. लग्न होऊन मी निपाणीहून बंगळुरात, बनशंकरीच्या या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी मला घराच्या रीती सांगितल्या. देवाचं पाणी कोणी भरायचं, मामंजी जेवल्याशिवाय कोणी बसायचं नाही, आणि त्याच ओघात हेही की, थोरलीच्या बहिणीचं नाव या घरात काढायचं नाही. अक्का नव्या नवरी असताना त्या मुलीने जातीबाहेर लग्न केलं होतं, आनेकलकडच्या एका कारखान्यातल्या कामगाराशी. आमचं कापडाचं जुनं दुकान, समाजात वट. मामंजींनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, की तिच्याशी संबंध ठेवायचा असेल तर सुनेने माहेरीच जाऊन राहावं. अक्का "सरी" एवढंच म्हणाल्या म्हणतात. बंगळुरात जन्म गेलेल्या बायकांच्या तोंडी हा शब्द 'बरं' म्हणावं तसा येतो. पुढे अक्कांचे आईवडील गेले, माहेर मिटलं. मग मामंजीही गेले. बंदी घालणारा माणूस गेला, पण बंदी उठवायची असते हे आमच्यापैकी कोणाला सुचलंच नाही. मीही विचारलं नाही. बँकेत नोकरी करणारी, चार बुकं शिकलेली, कोणाचं ऐकून न घेणारी म्हणून माझा लौकिक, आणि ही एक गोष्ट मी डोळे झाकून पाळली, कारण ती पाळायला मला काहीच मोजावं लागत नव्हतं.

आता लिंबांकडे येते. आमच्या इथल्या देवीच्या देवळात राहुकाळात लिंबाचे दिवे लावायची पद्धत आहे. लिंबू कापायचं, रस पिळून टाकायचा, साल उलटी करून तिची वाटी करायची, तिच्यात तूप आणि वात. लग्न जमत नाही, मूल होत नाही, घरात भांडणं आहेत, असल्या सगळ्या अडचणींवर हा उपाय. बाकीच्या बायका रस तिथेच मोरीत पिळून टाकतात. अक्कांना ते बघवत नसे. त्या दर शुक्रवारी सकाळी घरीच लिंबं पिळायच्या आणि नुसत्या साली ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायच्या. रस गाळून फ्रीजमध्ये बर्फाच्या खणात लावायच्या. सुरुवातीला ॲल्युमिनियमचा ट्रे होता, त्यातल्या रसाला धातूची चव यायची आणि ट्रेलाही खड्डे पडले. मग त्यांनी प्लास्टिकचे ट्रे आणवले. लिंबू फार जोर लावून पिळायचं नाही, सालीचं तेल उतरलं की रस कडवट होतो. बी एकही राहता कामा नये. साखर आत्ता घालायची नाही, प्यायच्या वेळी घालायची. दुसऱ्या दिवशी घट्ट झालेल्या वड्या ट्रेमधून काढून पिशवीत बांधायच्या आणि पिशवी खणात मागे सारायची. एका वडीत एक पेलाभर सरबत. सासूबाई आधी म्हणाल्या होत्या, गोठवलेलं ते शिळंच. पण उन्हाळ्यात बाजारात लिंबाला हात लावायची सोय नसते आणि आमच्याकडे येईल त्याला सरबत, हे दिसल्यावर शिळ्याची गोष्ट मागे पडली. एकदा उन्हाळ्यात वीज जाऊन जाऊन सगळ्या वड्यांचं पाणी झालं, तर अक्का दिवसभर फ्रीजचं दार कोणाला उघडू देईनात. मी थट्टेने म्हटलं, "अक्का, पहारा बसवू का?" त्या हसल्या, पण हात दारावरचा काढला नाही.

रामनवमीला दुकानासमोर मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला पानक द्यायची आमच्या घराची जुनी रीत. गूळ, सुंठ, वेलची आणि लिंबू. ते लिंबू सगळं अक्कांच्या वड्यांचं. लोक पेला रिकामा करून वाहवा करायचे आणि आम्ही आयत्या बिळावरचे नागोबा ती वाहवा घ्यायचो. सासूबाई खुर्चीत बसून सांगायच्या, "थोरलीच्या नवसाची लिंबं आहेत. देवीच्या घरची." मग आवाज उतरवून, "बिचारी. अजून दिवे लावते."

अक्कांना मूल नव्हतं. दिवे कशासाठी, हे त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. आम्हीच ठरवून टाकलं. तेवढ्या एका कारणासाठी या घरातल्या सुनेने दर शुक्रवारी ऐन स्वयंपाकाच्या वेळी बाहेर पडावं, हे सगळ्यांना पटत होतं. दुसऱ्या कुठल्याही कारणाला परवानगी मिळाली नसती. वर्षं गेली, अक्कांची चाळिशी उलटली, केस पांढरे झाले, तरी शुक्रवार चुकेना. सासूबाई एकदा म्हणाल्या, "आता पुरे की गं. वय झालं. लोक हसतात." उलट उत्तर कधी न देणाऱ्या अक्का त्या दिवशी म्हणाल्या, "नवस मध्येच सोडू नये, आई." त्या आत गेल्यावर आम्ही एकमेकींकडे बघितलं. मी रात्री नवऱ्याला म्हटलंसुद्धा, आशा किती चिवट असते बघा… कीव करण्यात एक सुख असतं, ते मी पुरेपूर घेतलं. माझी दोन मुलं अंगणात खेळत असायची आणि अक्का फडक्यातल्या साली घेऊन फाटकाबाहेर पडायच्या, तेव्हा मला स्वतःच्या भाग्याचा हेवा वाटायचा.

एका शुक्रवारी मला सुट्टी होती. म्हटलं, "अक्का, आज मी येते तुमच्याबरोबर." त्या चप्पल घालत होत्या. तशाच थांबल्या. मग सावकाश म्हणाल्या, "तू कशाला? तुला दोन आहेत की." उगाच त्यांच्या जखमेला हात लावला म्हणून मला अपराधी वाटलं, आणि पुन्हा बरोबर येण्याचं नाव काढलं नाही. आता कळतं, मला दारातच थांबवायला त्यांच्याजवळ तेवढं एकच वाक्य होतं. स्वतःचं सगळ्यात दुखरं ते त्यांनी पुढे केलं आणि मला परतवलं. ताकास तूर लागू दिली नाही.

तर त्या दुपारी दारात मी त्यांच्या बहिणीला सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही, नुसतं तिचं तोंड आठवतं. ती रडली नाही. "कधी?" म्हणाली. मी सांगितलं. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं करून ती म्हणाली, "म्हणजे मी मागच्या शुक्रवारी तिच्यावर रागावले ना, तेव्हा ती…" आणि थांबली. मग म्हणाली, "स्वल्प बसू का इथे?" आणि पायरीवरच बसली.

एवढ्यात आतून सासूबाईंनी विचारलं, "कोण आलंय गं, सुलभा?"

मला सांगता आलं असतं. मामंजी नव्हते. सासूबाई थकलेल्या, त्या काय करणार होत्या? घरातली सून गेली होती, तिची सख्खी बहीण पायरीवर बसली होती. आणि मी म्हटलं, "कोणी नाही, आई. अक्कांच्या ओळखीच्या बाई आहेत. देवळातल्या."

ते तिने ऐकलं. माझ्याकडे वर बघून मान हलवली. मीच संकटात असावी आणि ती मला सोडवत असावी, अशी. "सरी," हळूच म्हणाली. "तसंच सांगा. तिला उगाच बोल लागायला नको." अक्का गेल्यावरही अक्कांना बोल लागू नये, याची काळजी ती करत होती…

मी तिला मागच्या बाजूने स्वयंपाकघरात नेलं. हेही लिहिलं पाहिजे, मागच्या बाजूनेच नेलं. खणातली पिशवी काढून एक वडी पेल्यात टाकली, साखर, मीठ, पाणी. ती पेल्याकडे बघत म्हणाली, "ह्याच का त्या? सांगायची मला. घरात सगळ्यांना आवडतात म्हणून." मग हळूहळू बोलली. आनेकलहून बस पकडून दर शुक्रवारी यायची. आधी नवरा कुरकुरायचा, मग तोच बसथांब्यावर सोडू लागला. अक्का दिवा लावायच्या, तोवर ही बाहेर फुलवाल्यांच्या शेजारी चपला राखत उभी. मग दोघी देवळाच्या कट्ट्यावर बसायच्या. काय बोलायच्या? "काही नाही हो. घरचंच. तुमच्या मुलांचंपण सांगायची, मोठ्याला गणित येत नाही म्हणून." मी विचारलं, "आणि मुलासाठी नवस?" तिने नाही म्हणून मान हलवली. "मी एकदा विचारलं तिला, एवढे दिवे लावतेस, मागतेस काय? तर म्हणाली, आता काय मागायचं, तू आलेली असतेस की."

निघताना मी वड्यांची पिशवी तिला देऊ लागले. ती म्हणाली, "आनेकलपर्यंत पाणी होईल त्याचं." पेला तिने स्वतः विसळला आणि पालथा घातला. मी नको म्हणेपर्यंत ती मागच्या दाराशी पोचली होती.

अण्णांना, म्हणजे अक्कांच्या यजमानांना, मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, "मला ठाऊक होतं. एकदा कट्ट्यावर दोघींना पाहिलं होतं. बोललो असतो तर तिचं जाणं थांबलं असतं." मी विचारलं, "आणि अक्का गेल्यावर? बहिणीला का नाही कळवलं?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "पत्ता नव्हता," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "विचारला नव्हता कधी." त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलली नाही. त्यांनी निदान पाहिलं तरी होतं.

खणात अजून वड्या आहेत. उन्हं तापलीत, सासूबाई दुपारी सरबत मागतात. मी देते. पेला हातात घेऊन त्या रोज म्हणतात, "बिचारीने शेवटपर्यंत दिवे लावले, पण देवीने काही ओटी भरली नाही." आणि मी रोज, एकदा नाही, रोज, "हो ना" म्हणून ओट्याकडे वळते.

सासूबाईंना आता डोळ्यांनी दिसत नाही. बेळगावकडून येणाऱ्या या पेपरची पुरवणी मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवते, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मधलं गाळलेलं त्यांना खपत नाही. तोंडाने मला जमलं नाही, म्हणून ते लिहून पाठवते आहे. छापून आलं तर वाचावंच लागेल. आई, त्या शुक्रवारी आल्या होत्या त्या देवळातल्या बाई नव्हत्या. ती आपल्या अक्कांची सख्खी धाकटी बहीण होती. तिचं नाव विमल.